कोंबडीचं रान

निलंग्याहून कर्नाटकाच्या अंगाला जाणाऱ्या एसटीत बसा, काळगव्हाणच्या फाट्यावर उतरा आणि कुणालाही विचारा, सरजाबाई सूर्यवंशीचं रान कुठं हाय म्हणून. माणूस आधी हसणार. मग म्हणणार, "कोंबडीचं रान व्हय? ते काय, माळावर." चाळीस वर्षं त्या तीन एकराला हेच नाव आहे. ज्या बाईनं तिथले धोंडे उचलून उचलून पाठीचा काटा ढिला करून घेतला तिचं नाव कुठं नाही, नाव कोंबडीचं. आता तर तिथं रानही नाही, सोलारच्या काळ्या प्लेटांच्या रांगा आहेत. हसणं तेवढं शिल्लक आहे. हसतात मेले. हसू द्या. खरं काय घडलं ते कळलं तर ते हसू घशात अडकेल.

सरजाबाई माहेरची किनवटकडची. जंगलातलं गाव, घरामागं साग, पुढं नाला. मामा नांदेडला रेल्वेच्या गँगमध्ये होता, त्याच्या ओळखीनं सोयरीक जुळली आणि सतराव्या वर्षी ती इतक्या लांब, झाडाला महाग असलेल्या मुलखात येऊन पडली. पहिल्याच दिवशी तिनं नवऱ्याला विचारलं, "तुमच्यात चुलीला काय जाळतेत?" ग्यानोबा म्हणाला, "तुराट्या." आणि त्या तुराट्या तरी कुठं स्वतःच्या होत्या? लोकांच्या रानातून मागून आणलेल्या.

ग्यानोबा बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून वाढलेला गडी. दगडाची त्याला भीती अशी नव्हतीच. बौद्धवाड्यातल्या नऊ घरांनी मिळून गावच्या गायरानात, म्हणजे सरकारच्या गुरं चारायच्या माळावर, नांगर घालायचं ठरवलं तेव्हा सगळ्यात धोंडाळ तुकडा ग्यानोबानं मागून घेतला. "बाकीच्यांला न्हाई जमायचं," म्हणाला. असला शहाणा! दोन वर्षं नवराबायकोनं नुसते धोंडे वेचले. दिवसभर लोकांच्यात मजुरी, दिवस कलला की आपला माळ. तळ्यातला गाळ डोक्यावरून वाहून टाकला. पाट्या वाहून वाहून सरजाच्या टाळूवरचे केस गेले ते परत आले नाहीत. तिसऱ्या वर्षी तूर गुडघ्याला लागली तेव्हा ग्यानोबा बांधावर बसून ढसाढसा रडला, आणि ती त्याला हसली.

त्याच सुमाराला लातूरचा नवा जिल्हा झाला. उस्मानाबादेतून सुटलो म्हणून गावात हलगी वाजली, गुलाल उधळला. बौद्धवाड्यालाही वाटलं, कलेक्टर जवळ आला, बरं झालं. जवळ आला खरा. नव्या जिल्ह्याचं नवं दफ्तर, ते भरायला कागद नकोत का? हुकूम निघाला, कोणकोणत्या गायरानात कुणी अतिक्रमण केलंय त्याची गावोगाव यादी करा.

गावचा तलाठी होता चंद्रप्पा. लिंगायत माणूस, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, बोलायला गोड. तो मठाच्या ओसरीवर रजिस्टर उघडून बसला आणि कोतवालाला म्हणाला, "एकेकाला बोलाव अन् नाव सांगाय लाव." बौद्धवाड्यात एकच चर्चा. नाव गेलं की पोलीस येणार, पोलीस आले की निलंग्याची कोठडी. ग्यानोबा म्हणाला, "जेल तर जेल. रान कसतो तर नाव सांगायला लाज कसली?" सरजाच्या मांडीवर तेव्हा अडीच महिन्यांची लेक होती. ती नवऱ्याशी वाद घालत बसली नाही. घरात दोन कोंबड्या होत्या, त्यांचे पाय बांधले, पदराखाली घेतल्या आणि त्याच्या आधी मठावर पोचली.

आता तिच्या बाजूनं बघा. किनवटच्या जंगलात सरकार म्हणजे फॉरेस्टचा गार्ड. गार्ड आला की कोंबडी द्यायची, गार्ड गेला की मोळी आणायची. बाप असाच जगला, आजा असाच जगला. सरकार कोंबडी खातं, एवढा कायदा शिकून ती सासरी आली होती. लिंगायताच्या घरात अंडंसुद्धा चालत नाही, हे तिला सांगणार कोण? ती पायरीशी गेली आणि दोन्ही कोंबड्या उघड्या रजिस्टरावर ठेवून मोकळी झाली.

चंद्रप्पा ताडकन उठला. "शिव शिव शिव! अगं बाई, हे काय आणलंस!" नुकतीच पूजा आटपून बसलेला माणूस. त्याच्या ओरडण्यानं कोंबड्या फडफडल्या, आणि घाबरलेली कोंबडी जे करते ते एकीनं करून ठेवलं, नेमकं पानावर. आठ नावं लिहून झाली होती, खाली नवव्याची जागा होती, तिथंच. ओसरीवरची माणसं हसून हसून आडवी झाली. चंद्रप्पा रजिस्टर उचलू की धोतर सावरू असा नाचतोय, आणि ही हात जोडून उभी. "अप्पा, आमचं नाव तेवढं लिहू नका."

"न्हाई लिहीत! न्हाई लिहीत बाई! ही पीडा उचल अन् जा हितनं!"

कोतवालानं पान पुसलं, चंद्रप्पानं रजिस्टर मिटलं आणि अंघोळीला पळाला. मागून आलेल्या ग्यानोबाला यादी झाली एवढंच कळलं, आणि नववं नाव राहिलं ते राहिलंच.

महिन्याभरानं पोलिसांची गाडी आली आणि आठ घरचे आठ पुरुष घेऊन गेली. त्यात ग्यानोबाचा धाकटा भाऊ पंढरीही होता. पंधरा दिवस कोठडी झाली. ग्यानोबा घरी बसून विचारतोय, मला का न्हाई नेलं? मठातली गोष्ट कानावर आली तेव्हा त्यानं बायकोवर हात उचलला नाही, पण आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. "भाऊ जेलात गेला अन् मी बायकोच्या पदराखाली राहिलो," एवढंच म्हणाला. पंढरी सुटून आला तो रानाचं बारसं करूनच. "काय दादा, कोंबडीचं रान काय म्हणतंय?" झालं. ते नाव जे चिकटलं ते चिकटलं. सरजाला मात्र मनातून लई आनंद होता. नवरा वाचवला, रान वाचवलं, दोन्ही कोंबड्यासुद्धा परत घरी आणल्या. आपल्याइतकं हुशार अख्ख्या काळगव्हाणात कुणी नाही, असं तिला पुढची दहा वर्षं वाटत होतं.

मग वारं फिरलं. सरकारचा कागद आला की नव्वद सालच्या भीमजयंतीच्या आधीपासून जे गायरान कसतात, त्यांच्या नावानं ती जमीन करून द्यायची. नऊ घरं निलंग्याला तहसिलीत गेली. कारकुनानं आठ जणांची कागदं काढली. रजिस्टरात नाव, पोलिसांत गुन्हा, कोठडीची नोंद, सगळं पक्कं. मग ग्यानोबाला विचारलं, "तुमच्यावर गुन्हा आहे का?"

ग्यानोबाच्या आधी सरजाच बोलली, आणि तेही मान ताठ करून. "न्हाई साहेब. आमी आजवर एक बी गुन्हा केला न्हाई."

"मग जमीन कशी मिळेल, बाई?" कारकून म्हणाला.

आठ घरांना सातबारा मिळाला. सरजानं मनाची समजूत घातली, कागद नसला म्हणून काय झालं, रान तर आपण कसतोच ना. आणि खरंच, पुढं तीस वर्षं त्या रानातनं तिला कुणी ऊठ म्हटलं नाही. तूर, मूग, जवारी, कडेनं अंबाडी. त्या तीन एकरावर लेक वाढली, लग्न होऊन नांदेडला गेली. मजुरीला बोलवायला येणाऱ्यांना सरजा सांगायची, "माझ्याच रानात काम हाय." हे वाक्य म्हणायची तिला इतकी हौस होती की काम नसलं तरी म्हणायची.

बिघडला तो पाऊस. मिरगाला येणारा पाऊस आर्द्रा उलटली तरी येईना, आला तर एका दिवसात महिन्याचा पडून गाळ धुऊन न्यायचा. माघात गारा पडल्या. तुरीला फूल धरलं की ऊन असं तापायचं की सकाळी फुलाचा सडा पायाखाली. लातूरला रेल्वेनं पाणी आणलं त्या साली ग्यानोबा भर वैशाखात धसकटं वेचायला गेला, बांधावर टेकला आणि तिथंच गेला. डॉक्टरानं कागदावर हृदय लिहिलं. ऊन लिहायला त्या कागदात रकाना नव्हता. सरजा एकटी राहिली, पण रान तिनं एक वर्षही पडीक ठेवलं नाही.

तीन वर्षांमागं होळीच्या सुमाराला माळावर जीप आली. उतरली एक बाई, डोक्यावर पिवळी टोपी, हातात मोजणीचं यंत्र. नाव रुद्राणी, उदगीरची, सोलारच्या कंपनीत इंजिनिअर. मुलगी स्वभावानं चांगली. सरजानं तिला घागरीतलं पाणी दिलं, ती बांधावर बसली आणि गप्पा सुरू झाल्या.

"आजी, आपल्या घरातली वीज कशावर होते, माहिती आहे का? कोळशावर. तो जाळला की धुरातला एक वायू वर जातो तो लवकर सरत नाही. आभाळावर गोधडी घातल्यागत बसतो. मग खालची जमीन तापत राहते. तुमच्या पावसाचं गणित त्यानंच मोडलं."

सरजानं घागर खाली ठेवली. "म्हंजे लोकांनी कोळसा जाळला म्हणून माझं तुरीचं फूल गळालं?"

"तसंच म्हणा."

"आमचे मालक बी त्यानंच गेले म्हणायचे?"

रुद्राणी हातातलं यंत्र पुसायला लागली. सरजाच म्हणाली, "मंग बंद करा की मेलं ते कोळशाचं. कशाची वाट बघून राहिले?"

"त्यासाठीच तर आलो, आजी. उन्हावर वीज करायची. धूर नाही, काही नाही. जितकं लवकर होईल तितकं बरं, नाहीतर पुढच्या पोरांना ह्या मुलखात राहता यायचं नाही."

"करा करा. लई चांगलं काम हाय. कुठं करणार?"

रुद्राणीनं हात करून माळ दाखवला. हाताच्या टोकाला सरजाचं रान होतं.

तिला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा ती चिडली, आणि का चिडू नये? गावात विजेचे खांब आले तिचं लग्न होण्याआधी, बौद्धवाड्यात वीज आली तिच्या लेकीच्या लग्नानंतर. मधली सगळी वर्षं रॉकेलची चिमणी. एक बल्ब, एक पंखा, तोही लोडशेडिंगनं निम्मा दिवस बंद. तिनं आयुष्यात कोळसा जाळला असेल तर किती, पाटीभर? ज्यांच्या बंगल्यात खोलीखोलीत गार हवेची पेटी आहे त्यांनी गाड्याच्या गाड्या जाळला, ऊन तापलं ते हिच्या डोक्यावर, आणि आता औषध करायचं तर मुळी उपटायची ती पण हिच्याच रानातली. "त्यांच्या अंगणात मांडा की प्लेटा!" ती रुद्राणीवर ओरडली. "माझंच रान दिसलं का?"

"कागदावर ही जमीन रिकामी आहे, आजी," रुद्राणी खाली मान घालून म्हणाली. "त्या आठ जणांचे सातबारे आहेत, ते आम्ही सोडलेत. बाकी सगळा माळ सरकारनं दिला. तुमच्याकडं नव्वदच्या आधीचा काही पुरावा असेल तर तहसीलदारापुढं पेशी होईल, तिथं दाखवा. खरंच दाखवा. माझं काही म्हणणं नाही."

नोटीस आली. तहसिलीतल्या कारकुनानं स्पष्ट सांगितलं, भाऊबंदांची जबानी चालायची नाही, सरकारी माणसाची पाहिजे. आणि सरकारी माणूस एकच होता. सरजा निलंग्याला गेली, विचारत विचारत चंद्रप्पाचं घर काढलं. पंच्याऐंशीच्या घरातला म्हातारा, कानानं कमी, आठवण शाबूत. तिला बघून आधी ओळखेना. तिनं कोंबडी म्हटलं मात्र, ठसका लागेस्तोवर हसला. मग ती का आली ते ऐकलं आणि सरळ बसला.

"बाई, त्या दिवशी मी तुझं भलं केलं असं मला इतकी वर्षं वाटत होतं."

"मला बी तसंच वाटत होतं, अप्पा."

"येतो मी पेशीला. माझ्या हातनं एक नाव लिहायचं राहिलंय, ते मरायच्या आधी सांगून टाकतो."

पेशीच्या दिवशी पंढरी आणि वाड्यातली आणखी चारपाच माणसं आली होती. आधार द्यायला म्हणे. आधार कसला, मजा बघायला. तहसीलदार समोर, बाजूला कंपनीचा वकील, खुर्चीवर चंद्रप्पा. म्हाताऱ्यानं एकही गोष्ट लपवली नाही. मठ, ओसरी, कोंबडी, धोतर, सगळं सांगितलं. कचेरी खदखदून हसली. तहसीलदारानं डोळे पुसले आणि जुनं रजिस्टर मागवलं. पान उघडलं तर आठ नावं, खाली रिकामी ओळ आणि तिच्यावर पिवळट डाग.

"म्हणजे हे नववं नाव तुम्ही लिहिणार होता?" तहसीलदारानं विचारलं.

"हाव साहेब. तवा ही बाई अन् हिचा नवरा रान कसत होते. मला माहिती होतं."

तहसीलदार मान हलवत होता. जिंकलो, असं सरजाला वाटलं. ग्यानोबा असायला पाहिजे होता, असं वाटलं.

तेवढ्यात वकील उठला. आवाज अगदी मऊ. "अप्पा, ही आठ नावं तुम्ही कुठं बसून लिहिली?"

"मठाच्या ओसरीवर."

"माळावर गेला होता?"

"तवा असंच लिहीत होते."

"नाही, पण इथं वर तुमच्याच अक्षरात लिहिलंय, 'समक्ष पाहणी करून'. पाहणी केली होती की नव्हती?" मग तो तहसीलदाराकडं वळला. "साहेब, पाहणी न करता लिहिलेल्या यादीवर आठ सातबारे झालेत. अख्खी यादीच तपासायला घ्यावी लागेल."

कचेरीतलं हसू बंद झालं. तहसीलदारानं पेन उचललं. "अप्पा, नीट आठवून सांगा. तुमची जबानी लिहून घेतो. पाहणी केली होती का?"

दारात उभ्या असलेल्या पंढरीला काही कळलं नव्हतं. तो अजून शेजाऱ्याच्या कानात कोंबडीचंच सांगत होता. सरजाला मात्र सगळं कळलं. कंपनीच्या नकाशात ते आठ तुकडे मधेच पांढरे राहिले होते, ते वकिलाला खुपत होते. आणि चंद्रप्पा खरं बोलायला म्हणून आलेला माणूस. तो आता 'न्हाई' म्हणणार होता, आणि त्या एका शब्दानं आठ घरं रस्त्यावर येणार होती.

खरं सांगायचं तर क्षणभर तिच्या मनात आलं, येऊ देत. चाळीस वर्षं दात काढले ना? ग्यानोबाला जिवंतपणी खाली मान घालायला लावली ना? आता या माझ्या पंगतीला. तिच्या तोंडाला पाणी सुटलं असं म्हटलं तरी चालेल. पण त्या आठ रानांतले धोंडे वेचायलाही ती गेली होती. पंढरीच्या बायकोचा पाय धोंड्याखाली चेंगरला तेव्हा हिनंच तिला पाठीवर घरी आणलं होतं. म्हातारा तोंड उघडणार एवढ्यात ती पुढं झाली.

"साहेब, अप्पाला काय बी आठवत न्हाई. म्याच त्यांला शिकवून आणलंय."

तहसीलदारानं पेन खाली ठेवलं. "काय शिकवून?"

"समदंच. नाव लिहिणार होते म्हणून."

"आणि ती कोंबडी?"

"ती बी खोटीच. लोकांनी उठवलेली गोष्ट. अप्पांनी पाहणी करूनच यादी केली. आमी नव्हतो तवा माळावर, म्हणून आमचं नाव न्हाई."

चंद्रप्पानं तिच्याकडं पाहिलं. काय समजायचं ते समजला असावा, कारण मान खाली घातली आणि परत वर केली नाही. खोटा साक्षीदार आणला म्हणून तहसीलदार तिला वाट्टेल तसं बोलला, वय बघून सोडतो म्हणाला. अर्ज फेटाळला. बाहेर आल्यावर म्हाताऱ्यानं रिक्षात बसता बसता विचारलं, "बाई, खोटं का बोललीस?"

"तुमी खरं बोलला असता, अप्पा, म्हणून."

चार महिन्यांनी चंद्रप्पा गेला. त्या दिवशी कचेरीत काय झालं हे समजलेला तो एकच माणूस होता. पेशीहून परतताना एसटीत पंढरी मात्र खुशीत होता. "वैनी, म्हाताऱ्याला शिकवायचं हुतं तर धड तरी शिकवायचं. अन् कोंबडी खोटी? आता तर रानाचं नावच बदलावं लागंल!" सगळे हसले. ती खिडकीबाहेर बघत बसली. सांगितलं नाही. का सांगितलं नाही, हे मी तिला नंतर विचारलं होतं. म्हणाली, "सांगितलं असतं तर उपकार केल्यागत झालं असतं. अन् मला वाटलं, आज ना उद्या त्यांला कळंलच की."

मशीन आलं तेव्हा तुरीला शेंगा धरल्या होत्या. ती म्हणाली, महिनाभर थांबा. रुद्राणीनं वर फोन लावून आठ दिवस मागितले, पण तेही मिळाले नाहीत. गाळाची जमीन उकरून लोखंडी खांब रोवले, तारेचं कुंपण घातलं, फाटकावर कुलूप लागलं. रुद्राणीला बिचारीला काय वाटलं असेल ते असो, तिनं सरजाला प्लेटा पुसायच्या कामाला लावून घेतलं. धुळीनं वीज कमी होते म्हणून महिन्यातून दोनदा काचा धुवायच्या. त्यासाठी टँकर येतो. गावाच्या पाण्याचा टँकर चौथ्या दिवशी येतो, तोही आला तर. सरजाबाई आपल्याच रानात, फाटकावर अंगठा देऊन, मजुरीनं काचा पुसते. कुठल्या रांगेखाली तळ्यातला गाळ पडला आहे, कुठं ग्यानोबा टेकला होता, हे तिला काचेच्या खालून ओळखू येतं. मजुरीला येता का, असं कुणी विचारलं तर 'माझ्याच रानात काम हाय' हे आता तिला म्हणता येत नाही.

आणि ही वीज चांगली आहे, बरं का. ती स्वतःच म्हणते. धूर नाही, कोळसा नाही. कुणीतरी हे करायलाच पाहिजे होतं. ते कुणाच्या जिवावर, एवढंच कुणी विचारलं नाही.

गेल्या चैत्रात ती अशीच काचा पुसत होती. कुंपणापलीकडं पंढरीच्या रानात माणसं दिसली. साखळी धरून मोजणी चाललेली, आणि बांधाचे धोंडे मशीननं बाजूला सारलेले. तो बांध त्यांनी सगळ्यांनी मिळून घातला होता. पंढरी हातात पुडा घेऊन कुंपणाशी आला. सत्तरीला टेकलेला माणूस, पण चेहरा नवऱ्या मुलासारखा.

"घ्या वैनी, पेढा."

"कशाचा?"

"रान दिलं कंपनीला. तीस वर्षांच्या करारानं. मी एकट्यानं न्हाई, आठच्या आठ जणांनी. सूर्यवंशी म्हणत्येत आपल्याला, सूर्याला न्हाई तर मंग कुणाला देणार?" तो आपल्याच विनोदावर हसला.

तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "दिलं? तुमच्या नावचं रान, अन् दिलं?"

"काय करायचं ठेवून, वैनी? पाऊस कुठं पडून राहिला? ऊन तर रोज पडतंय." तारेतून हात घालून त्यानं पेढा तिच्या ओल्या हातावर ठेवला.

तेव्हा तिच्यानं राहवलं नाही. दोन वर्षं पोटात ठेवलेलं तिनं तिथंच, तारेला तोंड लावून सांगितलं. "पंढरी, पेशीच्या दिवशी अप्पाला म्या गप बसवलं. त्यानं तोंड उघडलं असतं तर तुमचे आठ बी सातबारे रद्द झाले असते. मी खोटी ठरले, माझं रान घालवलं, ते तुमची रानं ऱ्हावीत म्हणून."

पंढरीनं विचारलं, "खरं म्हणता?"

"बाबासाहेबाची आन."

पंढरीनं हातातला पुडा मिटला. थट्टा नव्हती त्याच्या तोंडावर, या खेपेला खरंच नव्हती. त्याला तिची कीव आली होती.

"आवं वैनी," तो म्हणाला, "असं करा म्हणून तुमाला कुणी सांगितलं हुतं? आमी तर तवाच रानं द्यायला बसलो हुतो."